शून्य-शून्य धरत नाहीत

चहाच्या टपरीसमोर उभं राहून स्वतःच्या थर्मासमधला चहा पिणाऱ्याला मी माणसात धरत नाही. असा एक ऑब्री आमच्याकडे येऊन गेला होता. निवृत्त कर अधिकारी, पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि तोंडावर असा भाव की मैदानाची मोजणी करायला सरकारनंच पाठवलंय. त्यानं गेटचा फोटो काढला, गंजलेल्या पत्र्याच्या शेडचा काढला, पुरुषांच्या मुतारीचाही काढला. मग माझ्या खिडकीसमोर येऊन, माझ्या चहाच्या पिंपाची वाफ तोंडावर घेत, थर्मास उघडला आणि विचारलं, "बाई, ही टपरी मूळची आहे की नंतर बांधली?"

मी म्हटलं, "मी मूळची आहे. टपरी नंतरची."

त्यानं मान डोलावली. त्याला खरंच वाटलं मी माहिती दिली.

एल्डरशॉ टाउनच्या मैदानावर चहा, खिमा-बटाट्याच्या पाई आणि वाटाण्याचा लगदा मी विकते, तेव्हा हा प्राणी मी जवळून बघितलाय. हे लोक फुटबॉल बघायला येत नाहीत, मैदान बघायला येतात. मोठ्या क्लबांची मैदानं यांची केव्हाच बघून झालेली असतात. यांना पाहिजेत लीगच्या आठव्या-नवव्या पायरीवरचे क्लब, जिथं एका बाजूला स्मशान, दुसऱ्या बाजूला पत्र्याचा कारखाना, आणि सामना बघायला चार म्हातारे आणि एक कुत्रं. एकदा तिथं पूर्ण सामना बघितला की ते मैदान ‘झालं’. झालं म्हणजे झालं. त्यानंतर तिथं सोनं वाटत असले तरी हे परत फिरकायचे नाहीत.

आणि या सगळ्यांचा महाराज म्हणजे माझा नवरा, नेव्हिल.

लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, बरा आहे, दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, शनिवारी जरा फुटबॉल बघतो. मधुचंद्राला आम्ही समुद्रकाठी गेलो. पहिल्याच दुपारी मला त्यानं किनाऱ्याकडे पाठ करून गॅसच्या टाक्यांमागच्या एका मैदानावर नेलं. वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. मी विचारलं, यातला आपला संघ कुठला? तो म्हणाला, "आपला कुठलाच नाही गं. आपल्याला काय त्याचं?" तेव्हाच शहाणी झाले असते तर आयुष्य सुधारलं असतं.

त्याचे नियम आहेत. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत हजर पाहिजे. एकदा टायर पंक्चर झाला, सामना नुकताच सुरू झाला होता, तर हा गडी दारातून माघारी वळला. तीन तासांचा प्रवास करून गेलेला आणि तीन तासांचा करून आलेला. घरी येऊन कॉर्नफ्लेक्स खाल्ले आणि झोपला. मैदानाभोवती कठडा पाहिजे. कठडा नसेल तर ते नुसतं गवत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोल झाला पाहिजे. कुणाचाही होऊ दे, पण एक तरी. शून्य-शून्य सुटलेला सामना नेव्हिल धरत नाही. या एका मुद्द्यावरून या लोकांमध्ये दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांशी नीट बोलत नाहीत. शून्य-शून्य धरणारे ते आळशी, असं आमच्या घरातलं मत. पेनगॅरिक नावाच्या कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यात हा माणूस गोलसाठी दोनदा गेलाय, देशाच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या खेपेला गोल झाला तेव्हा म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझे वडील गेले तेव्हा आलं नव्हतं.

पुरुषांची मैदानं संपत आली तेव्हा तो बायकांच्या सामन्यांकडे वळला. बायकांचे संघ बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या मैदानावर खेळतात, शाळेच्या, कारखान्याच्या, पोलिसांच्या. म्हणजे याला नवीन कुरण मिळालं. तेव्हापासून पबमध्ये बसून सांगतो, "माझा महिला फुटबॉलला पाठिंबा आहे." पाठिंबा. दर रविवारी बघतोस, एका तरी पोरीचं नाव सांग म्हटलं तर गडी छताकडे बघतो. पण छत कसलं होतं, कोपऱ्यातले झेंडे कुठल्या रंगाचे होते, ते विचारा.

एका पोरीचं नाव त्याला माहीत आहे, कारण ते त्यानंच ठेवलं. बेथन, आमची मुलगी. बस चालवते आणि सतराव्या वर्षापासून एल्डरशॉच्या महिला संघाची गोलकीपर आहे. आता तेहतिशीची झाली. आमचं घर मैदानापासून इतकं जवळ की सुरुवातीची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू येते. आणि तिचा बाप तिचा सामना बघायला एकदाही आला नाही.

भांडण नव्हतं, राग नव्हता. कारण विचारलं की तो सरळ चेहऱ्यानं सांगायचा, "एल्डरशॉ माझं झालंय." तिच्या जन्माच्या आधी झालं होतं. बाहेरगावचे सामने? त्या लीगमधली सगळी मैदानं याची वीस-वीस वर्षांपूर्वी झालेली. एकदा एक नवं निघालं, मी आशेनं सांगायला गेले, तर म्हणतो, "अगं, तिथं मी गेल्या वर्षीच जाऊन आलो." बेथन हसली होती. ती हसते तेव्हा मला त्याला भाजून काढावंसं वाटतं.

या वर्षी तिच्या गुडघ्यानं हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, आता खेळणार असशील तर पुढं बस चालवायचं विसर. मोसमाचा शेवटचा सामना हाच तिचा शेवटचा, असं ठरलं. ब्रॅकनफोल्डविरुद्ध, आमच्याच मैदानावर. सामना बरोबरीत सुटला तरी लीग आमची आणि संघ एक पायरी वर जाणार. हरलो तर ब्रॅकनफोल्ड वर.

आदल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, चहा प्यायली, कप विसळला, आणि परत परत विसळत राहिली.

"आई, रविवारी बाबा कुठं आहे?"

"कंब्रियात. मेंढ्यांच्या मधे कुठलंसं मैदान सापडलंय."

"हं." कप पालथा घातला. "एकदा बघायला पाहिजे होतं गं त्यानं. मी बरी खेळते."

एवढंच म्हणाली. तक्रार नाही, रडणं नाही. ‘मी बरी खेळते.’ तेहतीस वर्षांची बाई, दोनमजली बस वळणावरनं काढते, आणि आईला सांगतेय की मी बरी खेळते. मला इतका संताप आला की मी कपाट उघडून उगाच डबे इकडचे तिकडे केले.

शुक्रवारी दुपारी मी टपरी धुवायला मैदानावर गेले. तिथं नळाला लांबलचक पाइप लावलेला असतो. टपरी धुतली. मग पाइप ओढत उत्तरेकडच्या गोलपर्यंत नेला, दोन खांबांच्या मधे ठेवला, नळ पूर्ण सोडला आणि टपरीत बसून शांतपणे मासिक वाचलं. चाळून झालं तेव्हा गोलसमोर बदकं पोहतील एवढं तळं झालं होतं. मला त्याची लाजबीज काही नाही. शनिवारी कमिटीचे लोक तिथं कमरेवर हात ठेवून उभे राहिले, एकानं जमिनीखालचा झरा काढला, दुसऱ्यानं नगरपालिकेची पाइपलाइन काढली. तिसऱ्यानं बूट बुडवून बघितला आणि पाणी आहे असा निष्कर्ष काढला.

महिला संघाची सेक्रेटरी विनी. तिला मी काय केलंय ते आधीच सांगितलं होतं. तिनं लगेच हायस्कूलला फोन लावला. शाळेचं प्लास्टिकच्या गवताचं नवं मैदान गेल्याच महिन्यात तयार झालं होतं, तिथं अजून एकही सामना झाला नव्हता. सामना तिकडं हलला.

मी घरी आले. नेव्हिल टेबलावर कंब्रियाचा नकाशा पसरून बसला होता.

"बेथनचा सामना हलवला," मी भाजी चिरता चिरता म्हटलं. "हायस्कूलच्या नव्या मैदानावर."

त्यानं मान वर केली. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी बोलल्यावर इतक्या पटकन त्यानं मान वर केल्याचं मला आठवत नाही.

"नवीन? त्याला कठडा आहे का गं?"

"आहे."

"चारी बाजूंनी?"

"चारी बाजूंनी. हिरवा रंग दिलाय."

"म्हणजे तिथला हा पहिलाच सामना?" तो उभाच राहिला. "ग्लेनिस, अगं हे आधी सांगायचं नाही का?"

नकाशाची घडी झाली. कंब्रियातल्या मेंढ्या सुटल्या. मग त्यानं ऑब्रीला फोन केला, ऑब्रीनं अजून कुणाला केला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत उत्तर इंग्लंडमधल्या सगळ्या रिकामटेकड्यांना एल्डरशॉ हायस्कूलचा पत्ता पाठ झाला.

रविवारी सकाळी बेथन बूट न्यायला आली. मी तिला म्हटलं, "बाबा येतोय."

ती म्हणाली, "गोलमधे पाणी कुठनं आलं गं?"

"पाइप फुटला."

"हं." बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. "मला माहितीय तो कशाला येतोय. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण आई, कशाला का येईना, नव्वद मिनिटं उभा तर राहील. कधीतरी नजर पडेलच ना माझ्यावर."

मी तिला सँडविच दिलं.

शाळेत टपरी नव्हती, म्हणून मी एक टेबल आणि पिंप घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात, गोलच्या जवळ बसले. दुपारी दोनचा सामना. एकपासूनच ते लोक यायला लागले, बंद गळ्याची जाकिटं, खांद्यावर पिशव्या, एकजात सगळ्यांची चालायची पद्धत अशी की बूट दुसऱ्याचे घातलेत. महिला संघाच्या सामन्याला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. पोरी कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून डोकावून बघत होत्या आणि एकमेकींना चिमटे काढत होत्या. त्यांना वाटलं, लीगचा शेवटचा सामना आहे, गावाला आपलं कौतुक वाटलं. एक कोवळी पोरगी मला विचारते, "आजी, हे सगळे आपल्यासाठी आलेत?" मी म्हटलं, "हो तर." दुसरं काय सांगणार? हे तुमच्या कुंपणासाठी आलेत म्हणून?

विनीनं संघांची नावं छापून सामन्याची एक चौघडी पत्रिका केली होती. तिच्यावर झुंबड पडली, हे लोक मैदानांसारख्या पत्रिकाही साठवतात. ऑब्रीनं त्याची प्रत नाकाजवळ धरून तपासली.

"याला पिना नाहीत," तो म्हणाला.

"डोळे आहेत ना तुम्हाला? वाचा," विनी म्हणाली.

"वाचायची नसते हो ती."

नाणेफेकीच्या वेळी मी बेथनकडे बघत होते. ती कप्तान. ब्रॅकनफोल्डची कप्तान शेरिस. या दोघी कित्येक वर्षं एकमेकींविरुद्ध खेळताहेत, मैदानात शिव्या आणि मैदानाबाहेर बिअर असं त्यांचं नातं. बेथननं कठड्याकडे बोट केलं आणि शेरिसला म्हणाली, "तो बघ, टोपीवाला. माझा बाबा आलाय आज." शेरिसनं हात हलवला. टोपीवाल्यानं बघितलं नाही. तो वाकून कठड्याचा स्क्रू बघत होता.

पहिल्या अर्ध्यात माझी पोरगी काय खेळली म्हणून सांगू. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण समोरच्या पोरींनी तीनदा चेंडू असा मारला की मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो बेथनच्या हातात होता. गुडघ्याला पट्टा बांधून ती मांजरासारखी झेप घेत होती. प्रत्येक वेळी उठली की पटकन कठड्याकडे बघायची. नेव्हिल त्या वेळी राखीव पोरींच्या बाकड्याचा फोटो काढत होता, मग दिव्याच्या खांबाचा, मग गेटच्या कडीचा. ऑब्रीबरोबर त्यानं गवताच्या जातीवर चर्चा केली. प्लास्टिकच्या गवताच्या.

मध्यंतराला शून्य-शून्य. आणि मग त्या लोकांच्या डोक्यात उजेड पडला.

चेहरे उतरले. पिशव्या कुरवाळणं थांबलं. जे शून्य-शून्य धरणारे आळशी होते ते निवांत होते, पण नेव्हिलच्या पंथाचा जीव टांगणीला लागला. आमच्या पोरी बरोबरीवर समाधानी, पुढं जातच नव्हत्या. गोल झाला तर ब्रॅकनफोल्डच करणार हे दिसत होतं. दुसरा अर्धा सुरू झाला तसा तो सगळा कळप हळूहळू कठड्यावरून सरकत माझ्या टेबलाच्या बाजूला, बेथनच्या गोलच्या मागं येऊन उभा राहिला.

बेथननं मागं वळून बघितलं. बाप तिच्या अगदी पाठीशी, हाकेच्या अंतरावर उभा. तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडं बघवेना.

थोड्याच वेळात शेरिसनं लांबून जोरात चेंडू हाणला. बेथननं उडी मारून बोटांच्या टोकांनी तो वरच्या दांड्यावरून काढला. आमच्या पोरी ओरडल्या, विनी ओरडली. आणि गोलच्या मागून एक लांब, दुःखी ‘अरेरे’ आलं. वीस-पंचवीस पुरुषांचं. त्यात एक आवाज मला ओळखता आला, कारण तो माझ्या शेजारी घोरतो.

बेथननं तेव्हा वळून बघितलं. टोपी हातात, तोंड आंबट. ती त्या घरात वाढलीय, तिला नियम पाठ आहेत. तिला कळलं. ती पुढं वळली, हातमोजे एकमेकांवर आपटले, आणि त्यानंतर पुन्हा एकदाही मागं बघितलं नाही.

मी टेबल सोडून त्याच्याकडे गेले.

"लाज वाटते का काही? तुझी पोरगी आहे ती."

"मला माहितीय गं," तो मैदानावरची नजर न काढता म्हणाला. "मस्त खेळतीय. उगाच मस्त खेळतीय. एक गेला तर काय बिघडणार आहे?"

"तिची लीग जाईल, आणखी काय बिघडायचं?"

"मग पुढं जाऊन यांनी पण एक मारावा. एक-एक. बरोबरीच की. सगळे खूश." त्याला हे इतकं वाजवी वाटत होतं की समजावून सांगायला तो माझ्याकडे वळलासुद्धा. "ग्लेनिस, मी कंब्रिया सोडून आलोय."

ऑब्री शेजारून म्हणाला, "मी तर धरतो बुवा शून्य-शून्य."

"तू कर अधिकारी आहेस, तू काहीही धरशील," नेव्हिल म्हणाला.

मी परत येऊन पिंपामागं बसले. जवळ काही जड असतं तर मारलं असतं.

सामना संपत आला होता. रेफरी घड्याळ बघायला लागली होती, तेवढ्यात आमच्या एका पोरीच्या हाताला चेंडू लागला. तीच ती, आजी म्हणून विचारणारी. रेफरीनं पेनल्टीच्या खुणेकडे बोट केलं. पोरगी तोंड झाकून खाली बसली. गोलमागच्या कळपात मात्र चैतन्य पसरलं. कॅमेरे निघाले.

शेरिसनं चेंडू ठेवला. मागं गेली. बेथन दोन खांबांच्या मधे, जरा वाकून, हात पसरून उभी राहिली. आणि माझा नवरा कठड्यावर पुढं झुकून खणखणीत आवाजात ओरडला:

"तिच्या उजव्या हाताला मार, पोरी. ती डावीकडेच झेपावते. कायम."

आमच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोन खांबांच्या मधे, सात-आठ वर्षांच्या बेथनला त्यानं एका उन्हाळ्यात चेंडू मारले होते. मोसम बंद असला की त्याला करायला काही नसतं. ती तेव्हा दर वेळी डावीकडे उडी मारायची आणि तो हसायचा. तेवढं त्याच्या लक्षात होतं. आपल्या लेकीच्या खेळाबद्दल त्याच्याकडे जी एकमेव माहिती होती, ती त्यानं समोरच्या संघाला देऊन टाकली.

विनीच्या तोंडून शिवी गेली. शेरिसनं मान वर करून टोपीवाल्याकडे बघितलं. मग खाली चेंडूकडे बघितलं. बेथन हलली नाही.

शेरिस धावत आली आणि तिनं मारला. बेथनच्या उजवीकडे, खाली, जोरात. बेथन उजवीकडे गेली, चेंडू छातीशी घट्ट धरला आणि त्याच्यावर पालथी पडून राहिली. रेफरीनं खेळ पुढं न्यायची खूण केली, बेथननं उठून चेंडू लांब फेकला, आणि शेवटची शिट्टी वाजली.

लीग आमची झाली. पोरी धावत येऊन बेथनवर पडल्या, विनी रडत होती, मीही रडले. गोलमागचा कळप मात्र पांगला. कुणी ‘शाब्बास’ म्हटलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. ऑब्रीनं थर्मास उघडला.

मग सगळ्या चहाला आल्या, दोन्ही संघ, मोज्यांतून त्या प्लास्टिकच्या मैदानातले रबराचे काळे दाणे झटकत. नेव्हिल आधीच टेबलापाशी येऊन उभा होता. त्याच्या हातात मी कप दिला होता, सवयीनं.

"पुढचा सामना इथं कधी आहे?" त्यानं मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत शेरिस आली. मागोमाग बेथन, केस घामानं चिकटलेले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. शेरिसनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"नशीबवान आहेस, बये. वर्षानुवर्षं मी तुला डावीकडे मारतेय आणि गोल करतेय. तू उजवीकडेच पडतेस हे अख्ख्या लीगला माहितीय. आज पण डावीकडेच मारणार होते."

"मग का नाही मारलास?" बेथननं विचारलं.

शेरिसनं कपानं नेव्हिलकडे खूण केली. "हे ओरडले ना. म्हटलं, बाप आहे. याला माहीत असणार. म्हटलं, हल्ली काहीतरी बदललं असेल, सराव-बिराव केला असेल, बापाशिवाय कुणाला कळणार?"

तिच्या मनात काही नव्हतं. ती हसत होती. पण आजूबाजूच्या पोरी एकेक करून आपापल्या कपात बघायला लागल्या, आणि मग तिलाही कळलं की आपण काहीतरी बोलून गेलोय.

नेव्हिल गोंधळून बेथनकडे बघत होता. "पण तू डावीकडेच झेपावायचीस."

"लहान असताना, बाबा." तिचा आवाज अगदी साधा होता, बसमधे उतारूला थांबा सांगतात तसा. "बारा वर्षांची असताना माझा डावा खांदा निखळला. शाळेच्या सामन्यात. तेव्हापासून त्या बाजूला मी पडतच नाही."

महिनाभर ती हात गळ्यात बांधून जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसत होती. तिचं मांस मी कापून देत होते.

"खांदा?" नेव्हिल म्हणाला. "मी कुठं होतो तेव्हा?"

"ते मला काय माहीत? ऑक्टोबरची सुट्टी सुरू झाली होती. त्या शनिवारी."

तो विचारात पडला. खरोखर आठवायला लागला. कपाळाला आठ्या, ओठ हलतायत, डोळे बारीक. बेथन त्याच्या तोंडाकडे बघत होती. आम्ही सगळ्याच बघत होतो. मलासुद्धा, देवाशप्पथ, क्षणभर वाटलं की आता काहीतरी येईल.

आणि त्याचा चेहरा खुलला.

"पेनगॅरिक," तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेचं. तीन-दोन. पाऊस होता."

बेथननं मान हलवली. दोनदा, हळू, बरोबर आहे म्हणतात तशी. मग शेरिसच्या खांद्यावर हात टाकला, कारण पाय टेकवत नव्हता, आणि म्हणाली, "चल, फोटो काढायचाय सगळ्यांचा." दोघी लंगडत लंगडत मैदानाच्या मधोमध गेल्या. मागून सगळ्या पोरी गेल्या, दोन्ही संघांच्या.

नेव्हिल मला म्हणाला, "बघ, अजून सगळं लक्षात आहे माझ्या."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा त्याच्या देखत त्या नव्या गवतावर ओतला आणि फोटो काढायला गेले.